मदत हवी आहे : लेक मैत्रिणीसोबत नाताळच्या सुट्टीत फिरायला निघालीय

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरचे. लेक जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. सुट्टीत ती आणि तिची नांदेडची मैत्रीण रेल्वेने प्राग, व्हिएन्ना करत बुडापेस्टला जायचं म्हणतात.

लेकीचं रेसिडेन्स परमिट चालू आहे, म्हणजे शेंगेन देशांत (युरोपातले, आपसात सीमेवर सहसा तपासणी न करणारे देश) 180 दिवसांत 90 दिवस फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. तिचं ठीक. अडचण मैत्रिणीची आहे. तिचं परमिटचं कार्ड नूतनीकरणाला गेलंय, हातात नुसता 'फिक्शन्सबेशायनिगुंग' नावाचा कागद, म्हणजे नवं परमिट मिळेपर्यंतचा तात्पुरता दाखला. (हा शब्द उच्चारायला मला दोन दिवस लागले.) त्यावर जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम 81 च्या चौथ्या पोटकलमापुढे खूण असेल तर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं, असं ऐकलं. असा कागद आणि पासपोर्ट घेऊन कुणाचं लेकरू फिरून आलंय का? गाडीत तपासणी झाली तर काय विचारतात?

आणखी एक. प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट. मग पैसे तिथंच बदलावेत की कार्डावर भागतं? 25-26 डिसेंबरला दुकानं बंद असतात म्हणे. दोघीही शाकाहारी. आमच्या हिचा जीव धपाट्यांत अडकलाय, पण इथून पाठवून पोचेपर्यंत बुरशी यायची. तिकिटं रविवारी काढायचीत, तोवर कळवा.