देकार्तचा एकटा ‘मी’ आपल्या सीमाभागात चालतो का?

खडेबाजारकर:
१ नोव्हेंबरला इकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, तिकडं मराठी लोकांचा काळा दिवस, आणि मधी उभारलेल्याला दोन्हीकडचे विचारणार, तू कुणाचा? १९५६ पासनं हेच. म्हणून म्हणतो, तो फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त वाचा. १६३७ ला त्यानं लिहिलं, मी विचार करतो म्हणून मी आहे. त्यात जात नाही, कानडी-मराठी नाही. शंका घ्यायचा हक्क कुठल्या सरकारनं दिलेला नाही, मग काढून कसा घेणार?

निपाणीवाला:
दादा, हा एकटा माणूस राहतो कुठं सांगा की. अल्थुसेर म्हणून फ्रेंच मार्क्सवादी विचारवंत होता, तो म्हणतो, पोलिसानं मागनं ‘ए’ म्हणून हाक मारली अन् आपण वळलो की तिथंच आपला ‘मी’ तयार होतो. आपल्याकडं कंडक्टर कानडीत विचारतो, आपण ‘एक चिक्कोडी’ म्हणतो अन् अख्खी बस वळून बघते. विचार करून मराठी झालोय होय मी?

खानापूरची:
आणि तुमचा देकार्त तरी कुठं एवढा शूर ओ? पृथ्वी फिरते म्हटल्याबद्दल गॅलिलिओला १६३३ ला शिक्षा झाली तसं यानं तेच मांडणारं स्वतःचं पुस्तक छापायचं थांबवलं. वर नियम काय केला, तर देशाचे कायदे अन् रीतिरिवाज पाळायचे. शंका देवापर्यंत, सरकारला मात्र हात नाही 😄

खडेबाजारकर:
ताई, तो घाबरला असेल, त्याचा विचार नाही घाबरला. पूलां द ला बार या फ्रेंच लेखकानं १६७३ ला त्याच्याच जोरावर मांडलं की बुद्धीला बाई-पुरुष नसतं, बायकांनी शिकावं, पदं सांभाळावीत. अन् आपल्या तुकोबांनी तरी मनालाच ग्वाही ठेवलं की, बहुमताला नाही.

निपाणीवाला:
तुकोबांच्या मागं विठ्ठल होता, वारी होती, एकटे कुठले. सरकारी कागद मराठीत पाहिजे तर नियम काय, तर त्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के तरी पाहिजेत. तिथं डोकी मोजतात, एकट्याची शंका घेऊन गेलात तर कारकून चहा पण विचारणार नाही.

खडेबाजारकर:
मोजतात ना? मग जमीनदाराचं डोकं एक अन् गड्याचं पण एकच, हे कुठनं आलं? त्या एकट्या ‘मी’तनंच की. माझी पोरगी कानडी मीडियमला, घरात मराठी, मैत्रिणींशी दोन्ही. ती ठरवेल की तिचं.

खानापूरची:
जनगणनेवाला दारात येतो तेव्हा मातृभाषा एकच लिहून घेतो, अन् ती सांगणार तुम्ही, पोरगी नव्हे.