ट्रेनिंगचे वर्षाचे तास आणि सर्टिफिकेशनचे क्रेडिट, एकाच कोर्समध्ये भागतं का?

रात्रपाळी_ॲडमिन
आमच्याकडे या वर्षीपासून आयटीतल्या सगळ्यांना वर्षाला २० तास सायबर सिक्युरिटी ट्रेनिंग कंपल्सरी केलंय. मी सिस्टिम ॲडमिन, सिक्युरिटी प्लस हे सर्टिफिकेशन झालंय, पुढच्या वर्षी रिन्यू करायचंय. एचआरच्या पोर्टलवर तेच ते, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, पासवर्ड कुणाला सांगू नका, आणि व्हिडिओ पुढे ढकलायची पण सोय नाही. हे तास रिन्यूअलला धरतात का, की डबल भुर्दंड?

पॅच_मंगळवार
२० तासांत काय धरायचं हे तुझी कंपनी ठरवणार आणि सिक्युरिटी प्लसचं ते सर्टिफिकेशन देणारी संस्था कॉम्पटिया, त्यामुळे दोन्ही हिशोब वेगळेच ठेव. कॉम्पटियाला रिन्यूअलसाठी ३ वर्षांत ५० सीईयू (म्हणजे ट्रेनिंगचे क्रेडिट) लागतात, ढोबळमानाने तासाला एक, पण ट्रेनिंगचा निदान अर्धा भाग परीक्षेच्या ऑब्जेक्टिव्हजशी जुळायला हवा. एचआरच्या व्हिडिओतून तिथे फारसं काही हाती लागणार नाही. पण इन्सिडंट रिस्पॉन्स, लॉग ॲनालिसिस, सर्व्हर हार्डनिंग (हल्ल्यांविरुद्ध सर्व्हर पक्का करणं) असलं काही केलंस आणि मॅनेजरने आधी हो म्हटलं (मेलवर घे, तोंडी नको) तर तेच तास दोन्हीकडे दाखव, कोणी अडवत नाही. सर्टिफिकेटवर तुझं नाव, कोर्सचं नाव, तारीख आणि तास छापलेत ना ते आधी बघ, बरेच फुकट वेबिनारवाले तासच लिहीत नाहीत. आणि तसंही सायसा प्लस (कॉम्पटियाचीच वरची परीक्षा) द्यायचा विचार असेल तर ती पास झाल्यावर सिक्युरिटी प्लस आपोआप रिन्यू होतं, मग सीईयू गोळा करत बसायचं कशाला.

रूट_नको_देऊ
मला तर हे तास मोजणं म्हणजे निव्वळ टिकमार्कचा कार्यक्रम वाटतो, व्हिडिओ म्यूटवर लावून लोक कामाची तिकिटं क्लोज करत बसतात आणि डॅशबोर्डवर १००% हिरवं. ज्याला शिकायचंय तो तसाही शिकतो.

ऑडिटवाली
@रूट_नको_देऊ अर्धं पटलं. ज्याला शिकायचंय तो शिकतो हे खरं, पण जो शिकत नाही त्याच्याकडे पण प्रॉडक्शनचा, म्हणजे चालू सिस्टिमचा, ॲक्सेस असतोच ना. शिवाय शिकलेलं जुनंही होतं, दर ९० दिवसांनी सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावायचे हे आपण सगळे शिकलो, निस्टने (अमेरिकेची सरकारी मानक संस्था) २०१७ मध्येच सांगितलं की लीक झाल्याचा पुरावा नसेल तर उगाच ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका, तरी अजून कितीतरी ॲडमिन तीच पॉलिसी लावून बसलेत. चूक तासांची नाही, सगळ्यांना एकच व्हिडिओ दाखवण्याची आहे. पीसीआय डीएसएस ४.०.१ (कार्ड पेमेंटच्या सुरक्षेची नियमावली) बघ, जागरूकता ट्रेनिंग सगळ्यांना, नोकरीला लागताना आणि मग दर १२ महिन्यांत एकदा तरी, पण डेव्हलपरसाठी वेगळी अट आहे, त्यांचं ट्रेनिंग त्यांच्या कामाला आणि ते ज्या लँग्वेजमध्ये कोड लिहितात त्याला धरून हवं. कंपनी कार्ड पेमेंट हाताळत असेल तर एचआरला हेच दाखवा, नसेल तरी मुद्दा तोच.

बाकी तासांच्या बाबतीत तुम्ही सुटलात म्हणायचं, सीआयएसएसपी या सिक्युरिटीच्या सर्टिफिकेशनला ३ वर्षांत १२०, ऑडिटच्या सीआयएसएला पण १२० आणि वर शिवाय दर वर्षी किमान २०, म्हणजे शेवटच्या वर्षी सगळं उरकू म्हणायची सोयच नाही.

रात्रपाळी_ॲडमिन
@ऑडिटवाली कार्ड पेमेंट आहे आमच्याकडे, हे आमच्या लीडला फॉरवर्ड करतो. अजून एक, नवीन पोरांना मी आत बॅकअप आणि रॅन्समवेअर रिकव्हरीवर सेशन देतो, ते धरतात का कुठे?

पॅच_मंगळवार
शिकवणं पण धरतात, कॉम्पटिया पण आणि बाकीचे पण, मर्यादा मात्र प्रत्येकाची वेगळी, तेवढं त्यांच्या साइटवर बघून घे. अजेंडा, स्लाइड आणि कोण कोण हजर होतं ती यादी ठेव, मॅनेजरकडून तारीख आणि तास लिहिलेलं एक पत्र घे.

ऑडिटवाली
आणि ते सगळं ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, नोकरी बदलली की गेलं. क्रेडिट टाकल्यावर अचानक तपासणीला नाव निघालं तर कागद तुम्हालाच द्यावे लागतात, जुन्या कंपनीचा एचआर तेव्हा फोन पण उचलत नाही.

रूट_नको_देऊ
रिकव्हरीचं सेशन रेकॉर्ड केलंय का? असेल तर आमच्या टीमला दाखवतो, म्यूटवर नाही 😄