मदत हवी आहे : एसीच्या गेजवरच्या आकड्यामागचं शास्त्र कुठून शिकायला सुरुवात करू?

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरचा, लश्कर भागात राहतो. बी.कॉम. झाल्यावर मामाच्या एसी-फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलो. मामाचा हात इतका बसलाय की नुसता पाइप चाचपून तो गॅस कमी आहे का ते सांगतो, आणि ते बरोबर निघतं. मलाही आता ब्रेझिंग (टॉर्चने पाइप जोडणं), फ्लेअर काढणं (पाइपाचं तोंड रुंद करणं), व्हॅक्यूम करणं (पंपाने पाइपांतली हवा काढणं) जमतं. पण आत काय घडतंय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही.

मामाने शिकवलं की मशीन चालू असताना सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परत येतो त्या पाइपला, गेजवर ६५ ते ७० पीएसआय (दाबाचं माप) आलं की गॅस बरोबर. आर-२२ नावाच्या गॅसच्या जुन्या एसींना हे लागू पडतं. आर-३२ या दुसऱ्या गॅसच्या मशिनीत मात्र तोच गेज १२०च्या आसपास असतो, आणि इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा एसी) असेल तर काटा एका जागी ठरतच नाही. मामा म्हणतो, "या गॅसचं एवढंच असतं, लक्षात ठेव." लक्षात ठेवतोच, पण असं का?

थोडं वाचलंय. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. आपला कूलरही त्यावरच चालतो, म्हणून मे महिन्याच्या कोरड्या लूमध्ये तो खोली गार करतो आणि जुलैत नुसती चिकचिक. पण कूलरचं पाणी उडून जातं, एसीतला गॅस परत द्रव करावा लागतो. तो बाहेर ४५ डिग्री ऊन असताना कसा होतो? माझं गाडं इथेच अडलंय. शिवाय दीड टनाचा एसी तासभरात साधारण दीड युनिट वीज घेतो, मग सव्वापाच किलोवॉट (दीड टन म्हणजे एवढी) उष्णता खोलीबाहेर कशी टाकतो?

आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स दुकान सोडून करता येणार नाही. कोणत्या क्रमाने शिकू, ते सांगाल का?

प्रतिसाद :

मी हाच ट्रेड शिकवत असे, म्हणून प्रश्न वाचून फार बरं वाटलं. सगळ्यात आधी पीटी चार्ट घ्या, म्हणजे कोणत्या दाबाला कोणता गॅस किती तापमानाला उकळतो त्याचा तक्ता. आर-२२ ७० पीएसआयला साधारण ५ डिग्रीवर उकळतो. आर-३२ला तेच ५ डिग्री हवे असतील तर १२०च्या थोडं वर लागतं. मामांच्या सवयीने आर-३२ ७०वर आणलात तर कॉइल (गॅस उकळतो ती आतली नळी) उणे १० पर्यंत उतरेल आणि बर्फ धरेल. दोन्हीकडे आपल्याला हवे आहेत ते ५ डिग्री. दाब गॅसप्रमाणे बदलतो.

बाहेरही हाच तक्ता. कॉम्प्रेसर गॅस दाबतो तो याचसाठी. आर-२२ ३०० पीएसआयला ५५ डिग्रीवर द्रव होतो, म्हणजे ४५च्या हवेपेक्षा तो गरम असतो आणि उष्णता बाहेर जाते. कंडेन्सर (बाहेरची कॉइल) धुळीने भरला की दाब आणखी चढतो, अँपिअर वाढतात. क्लॅम्प मीटर लावून धुण्याआधी आणि नंतर बघाच. विजेचं कोडंही यातच सुटतं : एसी वीज खर्चून गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता फक्त बाहेर वाहून नेतो.

मग सुपरहीट. गेजवरून उकळण्याचं तापमान काढा, सक्शन पाइपचं तापमान थर्मामीटरने मोजा, दोन्हींतला फरक बघा. फरक शून्य असेल तर द्रव कॉम्प्रेसरकडे जातोय. फार जास्त असेल तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी (द्रवाचा दाब उतरवणारी बारीक नळी) चोक. हवेतल्या दमटपणाचा हिशोब सगळ्यात शेवटी घ्या.

इन्व्हर्टरमध्ये गेज बघून गॅस भरू नका. पूर्ण काढा, व्हॅक्यूम करा आणि नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरा. आर-३२ पेट घेऊ शकतो. लाइनमध्ये गॅस असताना टॉर्च लावायचा नाही, आधी नायट्रोजन फिरवा. यात तडजोड नको.

मूळ धागाकर्ता :

सर, मनापासून आभार. उद्या एक जुनी आर-२२ मशीन सर्व्हिसला येतेय, तिच्यावरच करून बघतो. एवढंच सांगा, घरगुती स्प्लिटमध्ये थर्मामीटर आउटडोअरच्या सर्व्हिस व्हॉल्व्हजवळ लावला तर चालेल ना? आत कॉइलच्या तोंडाशी हात पोहोचत नाही.