नव्या मेलसाठी सर्व्हरच्या दारात बसून राहायचं, की दर २ मिनिटांनी कडी वाजवायची?

गोदाकाठचा_कोडर
पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदाराला छोटा मेल क्लायंट (मेल वाचायचा प्रोग्राम) करून दिलाय. मागणी एवढीच, की ऑर्डर-कंटेनरची मेल आली की पॅकहाऊसच्या स्क्रीनवर लगेच दिसायला हवी. मी आयमॅपची (सर्व्हरवरची मेल वाचायची पद्धत) आयडल कमांड वापरली. इनबॉक्स निवडायचा, आयडल म्हणायचं आणि गप्प बसायचं. नवी मेल आली की सर्व्हर स्वतःहून 'एक्झिस्ट्स' म्हणत इनबॉक्समधल्या मेलचा नवा आकडा सांगतो.

नाशिकला माझ्या टेबलावर झकास चाललं. तिकडे ऐन हंगामात लाईट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, राउटर मात्र थेट लाईटवर! दहा मिनिटांनी लाईट आली, वायफाय जुळलं, ब्राउझर पळायला लागला. आमचा क्लायंट मात्र मेलेल्या कनेक्शनला कान लावून तसाच बसलेला. ना एरर, ना तक्रार. दुपारची मेल मॅनेजरने संध्याकाळी स्वतःच्या फोनवर वाचली आणि मग मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: आयडल काढून टाका. दर २ मिनिटांनी नूप (काहीच न करणारी कमांड) पाठवा, काही नवं असेल तर सर्व्हर त्याच उत्तरात सांगतो. २ मिनिटांत द्राक्षं सडत नाहीत.

सातपूरची_मिसळ
असहमत. दुखणं पायाला आणि पट्टी डोक्याला.

१९९७ च्या ज्या आरएफसी २१७७ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये आयडल आली, तिच्यातच लिहिलंय की निदान दर २९ मिनिटांनी 'डन' पाठवून आयडल संपवा आणि पुन्हा सुरू करा, कारण सर्व्हर ३० मिनिटांच्या शांततेनंतर लॉगआउट करू शकतो. तू ते केलंस का? आणि मला सांग, मेलेल्या कनेक्शनवर तुझ्या नूपला उत्तर आलंच नाही तर काय करणार? टाइमआउटच (उत्तराची मुदत) लावणार ना? मग तोच आयडलला लाव.

गोदाकाठचा_कोडर
'डन' नव्हतं पाठवलं, कबूल. पण २९ मिनिटं हा सर्व्हरचा हिशोब झाला. मधल्या राउटरला कोण विचारतो? त्याची नॅटची नोंद (बाहेरचं कोणतं कनेक्शन आतल्या कोणत्या मशीनचं) एकदा पुसली गेली, की सर्व्हर कितीही ओरडला तरी आवाज इकडे पोचत नाही.

सातपूरची_मिसळ
तर दर ५ मिनिटांनी 'डन' म्हण, बंदी कुठेय? एक मात्र लक्षात ठेव: 'डन' लिहिलं गेलं म्हणजे ते पोचलं असं नाही. ते आपल्याच मशीनच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पडतं आणि प्रोग्रामला वाटतं सगळं आलबेल. 'ओके' येईपर्यंत १५ सेकंद थांब, नाही आलं तर सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बंद करून नवीन कनेक्शन. या गोष्टीवर मी एकदा अख्खा रविवार घालवलाय.

ओझरकर
धागाकर्त्याशी अर्धा सहमत. आयडल एका कनेक्शनवर एकच फोल्डर बघते. 'ऑर्डर', 'कस्टम्स', 'बँक' अशी सहा फोल्डरं असली तर सहा कनेक्शनं उघडणार? जीमेल एका खात्याला एका वेळी १५ देतं, आणि त्यातली काही मॅनेजरच्या फोनने आधीच धरलेली असतात. एकाच कनेक्शनवर अनेक फोल्डरांसाठी नोटिफाय नावाची सोय २००९ मध्ये आली खरी, पण आपल्या सर्व्हरवर ती असेलच असं धरू नका. इनबॉक्सला आयडल, बाकीच्यांना अधूनमधून स्टेटस (फोल्डर न उघडता मेलचा आकडा विचारणारी कमांड), हे व्यवहाराचं.

गोदाकाठचा_कोडर
म्हणजे शेवटी कडी वाजवायचीच ना!

सातपूरची_मिसळ
बँकेच्या फोल्डरची वाजव हो. पण हेच ॲप उद्या फोनवर नेलंस तर दर २ मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ७२० वेळा नेटवर्कचा रेडिओ जागा करशील, बॅटरी दुपारीच मान टाकेल.

पंचवटी_एक्सप्रेस
भांडण चालू द्या, पण दोघांचीही एक चूक होतेय. नूप असो वा आयडल, सर्व्हर जे सांगतो ती फक्त वर्दी असते. इनबॉक्समध्ये १२ मेल आहेत, कुणीतरी फोनवरून ३, ४, ५ नंबरच्या काढल्या. सर्व्हर '३ एक्सपंज' (३ नंबरची काढली) असं तीनदा सांगू शकतो, कारण ३ गेली की ४ ची ३ होते. जो प्रोग्राम नंबर कायमचे समजतो, तो एकच मेल काढतो आणि पुढच्या ऑर्डरवर क्लिक केलं की भलतीच मेल उघडतो. यूआयडी (मेलचा न बदलणारा नंबर) साठवा. यूआयडीव्हॅलिडिटी (ते नंबर अजून वैध आहेत का हे सांगणारा आकडा) बदलली तर जुना साठा फेकून पहिल्यापासून आणा. आणि कनेक्शन तुटून जुळलं की आयडलच्या आधी एकदा सगळं ताडून बघा, मधल्या काळातली वर्दी कुणी परत देत नाही.

गोदाकाठचा_कोडर
हे पटलं. नंबरच साठवतोय मी, आज रात्री बदलतो. आयडल ठेवतो, ५ मिनिटांनी 'डन'. तरी इनबॉक्सलाही दर १० मिनिटांनी दुसऱ्या कनेक्शनवरून एक फेरी मारणारच, मॅनेजरचा आवाज अजून कानात आहे.

ओझरकर
एवढं सगळं करण्यापेक्षा राउटरची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात लावली असती तर?

गोदाकाठचा_कोडर
लावली ना, दुसऱ्याच दिवशी! पण केबलवाल्याचा डबा बाहेर खांबावर आहे. त्याला कुठून आणू इन्व्हर्टर?