प्रतिसाद: 'इफ लेट' लावूनही हातात निल का येतो?

वर विचारलंय की स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेत डिक्शनरीतून (की आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या साठ्यातून) काढलेली किंमत 'इफ लेट'ने (किंमत असेल तरच ती बाहेर काढणाऱ्या अटीने) उघडली, तरी आत निलच (म्हणजे 'काही नाही') का निघतो. कारण तिथे ऑप्शनलचे, म्हणजे किंमत किंवा निल धरणाऱ्या वेष्टनाचे, दोन थर आहेत.

ठाणे-वाशी मार्गावरच्या स्थानकांजवळ पार्किंगच्या किती जागा रिकाम्या, अशी डिक्शनरी धरा. की म्हणजे स्थानकाचं नाव, प्रकार स्ट्रिंग (मजकूर); किंमत 'इंट?', म्हणजे पूर्णांक किंवा निल. ऐरोलीची की आहे, पण आकडा अजून आलेला नाही, म्हणून निल. कल्याण या मार्गावर नाही, म्हणून कीच नाही. सबस्क्रिप्ट (चौकटी कंसात की देऊन किंमत काढणं) स्वतःचा एक थर चढवतो, त्यामुळे दोन्हीकडे प्रकार 'इंट??' मिळतो. कल्याणला बाहेरचाच थर निल. ऐरोलीला बाहेरचा भरलेला, आतला निल. 'इफ लेट' एकच थर सोलतो, म्हणून ऐरोलीला अट खरी ठरते. '== निल'ही तिथे खोटंच येतं. हा फरक नको असेल तर '?? निल' लावा (इथे '??' म्हणजे डावीकडे निल असेल तर उजवीकडचं घे), उरतो साधा 'इंट?'.

लिहिताना जास्त जपा. ऐरोलीला थेट निल दिलात तर कीच उडते. की ठेवून निल भरायचा असेल तर डिक्शनरीचं 'अपडेटव्हॅल्यू' हे फंक्शन वापरा.

कास्टिंग, म्हणजे किंमत अमुक प्रकारची आहे असं धरून ती मागणं, यातला 'ॲज? इंट' दोन्ही थर पार करून एकच ऑप्शनल देतो, पण 'ॲज? इंट?' लिहिलंत की पुन्हा दोन थर. आणि कास्टिंग म्हणजे रूपांतर नव्हे: 'एनी'मध्ये (कुठल्याही प्रकारची किंमत धरणाऱ्या प्रकारात) "12" ही स्ट्रिंग असेल तर 'ॲज? इंट' निल देईल, 'ॲज! इंट' ॲप पाडेल. आधी स्ट्रिंगला कास्ट करा, मग ती 'इंट'च्या इनिशियलायझरला (नवी किंमत बनवणाऱ्या फंक्शनला) द्या.