मदत हवी आहे: परदेशातून मागवलेल्या लेन्सवर अनपेक्षित कर आणि कुरिअरचे शुल्क

प्रश्न

परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानातून कॅमेऱ्याची लेन्स मागवली आहे. चेकआउटच्या पानावर किंमत 'करांसहित' लिहिली होती. आता कुरिअर कंपनीने बिल पाठवले असून ते भरल्याशिवाय पार्सल मिळणार नाही. लेन्ससाठी प्रत्यक्ष भरलेली रक्कम १०० धरून बाकी आकडे त्याच प्रमाणात देत आहे:

करपात्र मूल्य: १३५
आयात शुल्क, १० टक्के: १३.५
व्हॅट, २० टक्के: २९.७
आगाऊ भरणा व क्लिअरन्स (कस्टममधून पार्सल सोडवण्याचे) शुल्क: १२
त्या शुल्कावर व्हॅट: २.४
एकूण देय: ५७.६

लेन्सची मूळ किंमत १२५ होती, कूपन लावल्यावर १०० झाली. वाहतुकीचे १० वेगळे भरले. हे बिल बरोबर आहे का? पार्सल नाकारले तर पैसे परत मिळतात का?

प्रतिसाद १

आधी नाकारू नका आणि लगेच भरूही नका. बिलातली प्रत्येक ओळ कोणाची आहे ते बघा, कारण दाद मागायची जागा ओळीगणिक बदलते. १३.५ आणि २९.७ सरकारचे, १२ आणि त्यावरचे २.४ कुरिअरच्या सेवेचे. सगळ्याबद्दल एकच तक्रार केली की कुरिअर कस्टमकडे बोट दाखवतो आणि कस्टम कुरिअरकडे.

चूक करपात्र मूल्यात दिसते. १३५ म्हणजे १२५ अधिक १०, म्हणजे कूपन धरलेलेच नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारानुसार मूल्याचा पहिला आधार म्हणजे प्रत्यक्ष दिलेली किंवा देय असलेली किंमत. विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच दिलेली सूट त्यातून वजा व्हायला हवी. बरोबर हिशोब असा:

१०० + १० = ११०
शुल्क १० टक्के: ११
व्हॅट (११० + ११) च्या २० टक्के: २४.२
सरकारी कर एकूण ३५.२, बिलात आहेत ४३.२

म्हणजे ८ जास्त लावले आहेत. व्हॅट शुल्कासकटच्या रकमेवर लागतो, त्यामुळे मूल्यातली चूक दोनदा वाढते.

एक अपवाद. कूपनऐवजी गिफ्ट कार्ड वापरले असेल तर ती सूट नाही, पैसे देण्याचाच प्रकार आहे. मग १२५ हीच किंमत धरली जाईल.

कुरिअरच्या क्लिअरन्स विभागाला (साध्या ग्राहकसेवेला नव्हे) ट्रॅकिंग क्रमांकासह ईमेल करा. सोबत सूट स्वतंत्र ओळीत दाखवणारे अंतिम इनव्हॉइस, कार्डाच्या स्टेटमेंटमधली ती नोंद आणि ऑर्डरची पोच जोडा. प्रोफॉर्मा इनव्हॉइस (विक्रीआधीचे अंदाजे बिल) पाठवू नका, बहुतेक वेळा घोळ त्यातूनच झालेला असतो. दुरुस्ती पैसे भरण्याआधी झाली तर कुरिअरच्या पातळीवर मिटते. नंतर कस्टमकडे परताव्याचा रीतसर अर्ज करावा लागतो, त्याला मुदत असते आणि वेळही फार जातो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. वाहतूक मूल्यात धरणे सर्वत्र सारखे नाही. बऱ्याच देशांत माल, वाहतूक आणि विमा मिळून मूल्य ठरते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आयात शुल्कासाठी आंतरराष्ट्रीय वाहतूक धरत नाहीत. पार्सल कुठे उतरले त्यावर ११० की १०० हे ठरेल.

दर वस्तूच्या कोणत्या वर्गीकरण कोडवर लावला तेही विचारा. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एचएस वर्गीकरणाचे पहिले सहा आकडे ते वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखे असतात, पुढचे आकडे आणि दर देश ठरवतो. कॅमेऱ्याची लेन्स ९००२.११ मध्ये येते, ट्रायपॉड ९६२० मध्ये, डिजिटल कॅमेरा ८५२५ मध्ये. विक्रेत्याने फॉर्मवर नुसते 'कॅमेऱ्याचे सामान' लिहिले असेल तर क्लिअरन्स करणारा अंदाजाने कोड टाकतो, आणि अंदाज बहुधा महागाच्या बाजूचा असतो.

आणखी एक गल्लत सतत दिसते. माल ज्या देशातून निघाला तो उत्पत्तीचा देश असेलच असे नाही. व्यापार कराराची सवलत वस्तू कुठे बनली त्यावर मिळते, गोदाम कुठे आहे त्यावर नाही.

धागाकर्ता

इनव्हॉइस पुन्हा पाहिले. सूट वेगळ्या ओळीत आहे, गिफ्ट कार्ड नाही. पण 'करांसहित'चे काय? तो कर मग कुणाला गेला?

प्रतिसाद ३

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. 'करांसहित'चे दोन अर्थ निघतात.

पहिला: किंमतीत विक्रेत्याच्या देशातला व्हॅट धरला आहे. निर्यातीवर तो सहसा शून्य असतो. बरीच दुकाने परदेशी पत्ता टाकताच तो वजा करतात, काही करत नाहीत. इनव्हॉइसवर स्थानिक व्हॅटची ओळ असेल तर विक्रेत्याकडे ती रक्कम परत मागा. तो निर्यातीचा पुरावा मागेल. कस्टमचा कागद आणि डिलिव्हरीची नोंद जपून ठेवा.

दुसरा: तुमच्या देशातला कर विक्रेत्याने आधीच वसूल केला आहे. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी गेली आणि १५० युरोपर्यंतच्या मालावर विक्रेत्याने चेकआउटलाच व्हॅट घेण्याची आयओएसएस नावाची सोय आली. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०१८ पासून १००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर मोठ्या विक्रेत्यांना जीएसटी घ्यावा लागतो. यात गडबड होते ती विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक पार्सलच्या इलेक्ट्रॉनिक माहितीत गेला नाही तर. मग कस्टमला कर भरलेला दिसत नाही आणि तो दुसऱ्यांदा लागतो. अशा वेळी विक्रेत्याकडून तो क्रमांक आणि भरलेल्या कराचा आकडा लेखी घ्या आणि कुरिअरला द्या.

ऑर्डरवर डीडीपी (कर भरून पोचवण्याची अट) असेल तर कर आणि क्लिअरन्स विक्रेत्याच्या अंगावर. मग या ५७.६ मधले काहीच तुमच्याकडून घ्यायला नको. डीएपी (कर न भरता ठिकाणापर्यंत पोचवण्याची अट) किंवा तशाच अर्थाचे जुने डीडीयू असेल तर ते तुमच्यावर.

प्रतिसाद ४

कुरिअरच्या १२ बद्दल. तुमच्या वतीने कर आधी भरल्याचे आणि कागदपत्रे केल्याचे ते पैसे असतात. दरपत्रक कंपनीच्या साइटवर असते, त्याच्याशी ताडून बघा. किमान रक्कम ठरलेली असल्याने स्वस्त वस्तूवर हे शुल्क कधी कराहूनही जास्त भरते. काही देशांत क्लिअरन्स स्वतः करता येतो, पण ते पार्सल पोचण्याआधी कुरिअरला कळवावे लागते. त्यांनी नोंद दाखल केल्यावर शुल्क सहसा माफ होत नाही.

नाकारण्याचा विचार मात्र सोडा. परतीचे भाडे, गोदामभाडे आणि कधी कधी तिकडे परत लागणारा कर विक्रेता तुमच्या परताव्यातून कापतो. नाकारणे तेव्हाच परवडते जेव्हा विक्रेत्याने परतीची अट लेखी मान्य केली आहे. घेऊन मग परत पाठवायचे असेल तर पाठवण्याआधी कस्टमला कळवा. तीच वस्तू बाहेर गेल्याचा पुरावा नसेल तर शुल्काचा परतावा अडकतो. दुरुस्तीला पाठवतानाही आधी तात्पुरत्या निर्यातीचे कागद करा, नाहीतर परत येताना पूर्ण मूल्यावर कर लागू शकतो.

धागाकर्ता

ऑर्डरवर डीएपी आहे आणि स्थानिक व्हॅटची ओळ नाही. क्लिअरन्स विभागाला कागद पाठवले. पुढच्या वेळी ट्रायपॉड मागवायचा आहे. विक्रेता म्हणतो, हवे तर 'भेटवस्तू' लिहून किंमत कमी दाखवतो.

प्रतिसाद २

अजिबात नको. विकत घेतलेली वस्तू भेट ठरत नाही. भेटीची सवलत एका व्यक्तीने दुसरीला मोफत पाठवलेल्या पार्सलसाठी असते. किंमत खोटी निघाली तर दंड किंवा जप्ती होते, आणि पार्सल हरवले तर विमा दाखवलेल्या किमतीपुरताच मिळतो. ऑर्डरचे तुकडे करूनही उपयोग होईलच असे नाही, एकाच वेळी आलेली पार्सले कस्टम एकत्र धरू शकते.

त्यापेक्षा विक्रेत्याला चार गोष्टी आधीच लेखी विचारा: डीडीपी की डीएपी, कोणता एचएस कोड लिहिणार, उत्पत्तीचा देश कोणता, कुरिअर कोणते. पोस्टाने येणार असेल तर वर्णन नेमके लिहायला सांगा. ३०० एसडीआरपर्यंतच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक) मालाला सीएन२२ हा कस्टमचा फॉर्म चालतो, त्याहून जास्त असेल तर सीएन२३ लागतो. पोस्टाचे हाताळणी शुल्क सहसा कुरिअरपेक्षा कमी असते, पण वेळ जास्त लागतो आणि ट्रॅकिंग अर्धवट असते.

करमाफीच्या मर्यादेबद्दल जुने लेख वाचून ऑर्डर देऊ नका. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांच्या मालासाठी थांबवली, तरी कित्येक पानांवर ती अजून चालू दाखवतात. आपल्या देशाच्या कस्टमच्या साइटवर त्याच दिवशी बघा.

प्रतिसाद ५

एकच भर. पार्सलची वाट बघताना 'थोडेसे कस्टम शुल्क बाकी आहे' असा मेसेज आला तर त्यातली लिंक उघडू नका. कुरिअरची साइट स्वतः उघडून ट्रॅकिंग क्रमांक टाका. बाकी खरी असेल तर ती तिथे दिसते. पैसे भरताना रक्कम ज्या चलनात आहे त्याच चलनात भरा. 'तुमच्या चलनात भरा' हा पर्याय घेतला तर विनिमयाचा दर पैसे घेणाऱ्याच्या सोयीचा लागतो.