मोलेचं रान, दूधसागर आणि आजूबाजू : जाणत्यांनी नेमकं लिहावं असा धागा

रानवाट

भगवान महावीर अभयारण्य आणि त्याच्या पोटातलं मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटर. त्यातलं १०७ चौ. किमी. राष्ट्रीय उद्यान, १९७८ साली जाहीर झालेलं. पाऊस सरला की मुंबई-पुण्याकडून आणि आपल्या पणजी-मडगावातूनही तेच प्रश्न यायला लागतात: कधी जायचं, कुठून शिरायचं, पोरांना न्यायचं का. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा. प्रवासवर्णनं इथे नकोत. वाट, वेळ, सामान, काय चुकतं आणि का चुकतं, एवढंच लिहा.

सुरुवात मी करते. पणजीहून फोंडा, धारबांदोडा करत राष्ट्रीय महामार्ग ७४८ ने मोलेचा नाका साठेक किलोमीटर. नाक्यावरून सरळ गेलं की अनमोड घाट, उजवीकडे वळलं की पाचेक किलोमीटरवर कुळे. दूधसागर धबधब्याच्या जिपा कुळ्याहून सुटतात, मोलेहून नाही. हा घोळ फार जणांचा होतो. नकाशावर 'दूधसागर' टाकून निघालेली माणसं भलत्याच फाट्यावर जाऊन थांबतात.

फोनची रेंज कुळ्यापुढे धरून चालू नका. नकाशा घरीच उतरवून घ्या आणि परतायची वेळ घरच्यांना सांगून निघा.

कुळागरकर

जिपांविषयी. जंगलातला रस्ता पावसाळ्यात बंद असतो. साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नदीचं पाणी उतरलं की उघडतो. तारीख दरवर्षी पुढेमागे होते, बुकिंगची पद्धतही बदलत राहते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. एका जिपेत सातजण. तुम्ही तिघेच असलात तर काउंटरवर जोड शोधावी लागते, त्यात वेळ जातो. दिवसाच्या जिपा ठरावीकच असतात. शनिवार-रविवारी किंवा नाताळच्या आठवड्यात उशिरा आलात तर हात हलवत परत जाल. सकाळी सातच्या आत रांगेत हवेत.

वाटेत तीनदा नदी ओलांडावी लागते. ऑक्टोबरात पाणी पायाशी येतं, म्हणून कॅमेरा, पाकीट, फोन आधीच प्लास्टिकमध्ये बांधून मांडीवर घ्या. पिशवी खाली ठेवलीत की भिजलीच. कंबरदुखीवाल्यांनी मागच्या आडव्या बाकावर बसू नये, सगळे हादरे तिथेच बसतात.

जीप धबधब्यापर्यंत जात नाही. शेवटचा टप्पा पायी, दगडधोंड्यांतून आणि मुळांवरून. सपाट तळव्याच्या चपला इथे पहिल्या ओल्या दगडालाच घसरतात. मागे पट्टा असलेली, खाचांच्या तळव्याची सँडल सगळ्यांत बरी, कारण बूट एकदा भिजले की दिवसभर जड राहतात.

खायचं काही हातात उघडं धरू नका. तिथली माकडं थेट पिशवीवर झडप घालतात आणि पिशवी ओढून धरली की चावतात. अशा वेळी पिशवी सोडून द्यावी.

व्हाळाकाठी

पाण्यावर सविस्तर लिहिते, कारण आपल्या रानात माणसं दगावतात ती मुख्यतः पाण्यात. वाघ-बिबट्याची भीती घेऊन येणारे लोक कोंडीत, म्हणजे खोल डोहात, मात्र बिनधास्त उडी मारतात.

धबधब्याखालच्या कोंडीत तीन गोष्टी एकदम असतात. पाणी जिथे कोसळतं तिथे त्यात हवा मिसळलेली असते, त्या पांढऱ्या फेसाळ पाण्यात अंग नीट तरंगत नाही, पट्टीचा पोहणाराही खाली जातो. दुसरं, कोसळणारं पाणी तळाशी जाऊन परत धारेकडेच वळतं, त्यामुळे धारेजवळ गेलेला माणूस पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. तिसरं, तळाला मोठे धोंडे आणि त्यांच्यामधल्या फटी, त्यांत पाय अडकतो. म्हणून लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवून चालत नाही, खालचे पट्टे आवळा. पट्टा सैल असला तर जॅकेट वर जातं आणि माणूस खाली. फेसापासून दूर, काठालगत, कमरेइतक्या पाण्यात बसावं. एवढं पुरे.

व्हाळ (ओढा) ओलांडायचा असेल तर वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असताना उतरू नये. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. तोंड प्रवाहाच्या उगमाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय उचलायचा.

अचानक येणारा लोंढा हा पावसाळ्यातला सगळ्यांत वाईट प्रकार. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर घाटमाथ्यावर, कॅसलरॉकच्या बाजूला, धो धो पडत असतो. पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला एक दगड खुणेला ठेवा. दगड बुडाला, पाणी गढूळ झालं किंवा पानं-काटक्या वाहून यायला लागल्या तर सामान आवरत बसू नका, वर चढा. आणि हे जेवायला बसण्याआधीच ठरवा: ज्या काठावरून रस्त्याकडे परत जाता येतं त्याच काठावर बसायचं. पलीकडे अडकलात तर पाऊस थांबून पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबा. उतरायची घाई केली की जीव जातो.

साबण, शाम्पू, तेल लावून आंघोळ करू नका. हेच पाणी पुढे खांडेपार नदीत जातं आणि ओपा प्रकल्पातून फोंडा-तिसवाडीच्या नळांना येतं.

घाटगाडी

पावसाळ्यात दूधसागर बघायचा कायदेशीर आणि सुंदर मार्ग म्हणजे रेल्वेगाडीच्या खिडकीतून. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट, चढ १ : ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. एवढ्या चढाला एक इंजिन पुरत नाही, म्हणून कुळ्याला जादा इंजिनं जोडतात आणि गाडी तिथे थांबते. पाण्याची बाटली तिथेच भरून घ्या, वर काही मिळत नाही. पुढे सोनावळी, दूधसागर, करंझोळ ही जंगलातली ठाणी लागतात. सुमारे ३१० मीटरच्या धबधब्याच्या ऐन मध्यातून पूल जातो. जुलै-ऑगस्टात तुषार डब्यात येतात, कॅमेऱ्याच्या काचेला सुती फडकं हवंच.

रुळांवरून चालत जायचं मात्र डोक्यातून काढा. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा राहू द्या, बोगदे अरुंद आहेत, वळणावर गाडी दिसत नाही आणि धबधब्याच्या आवाजात ती ऐकूही येत नाही.

पाखरू

धनेश बघायला येणाऱ्यांसाठी. कवड्या धनेश मोलेच्या आसपास बऱ्यापैकी दिसतो, मलबारी राखी धनेशाचं खिदळणं आधी ऐकू येतं, महाधनेश नशिबात असला तर. फळांवर आलेला वड किंवा उंबर शोधा आणि सकाळी साडेसहा ते नऊ त्याच्यापासून लांब, सावलीत बसा. चालत राहिलात तर पंखांचा आवाज तेवढा ऐकाल.

फेब्रुवारी ते मे विणीचा काळ. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फटीतून चोच तेवढी बाहेर. नर दिवसभर फळं आणून भरवतो. झाडाखाली माणसं उभी राहिली की तो ढोलीकडे येतच नाही, फांदीवर बसून राहतो आणि आत मादी-पिल्लं उपाशी. फोटोसाठी ढोलीची जागा विचारणाऱ्याला ती सांगू नका. इथेही लिहू नका.

बेडूकतोंड्या दिवसा वेलींच्या गुंत्यात जोडीने बसतो, सुक्या पानाच्या रंगाचा. स्थानिक वाटाड्याशिवाय तो सापडणं कठीण, आणि त्याच्याकडे टॉर्च-फ्लॅश मारू नये.

रानवाट

@पाखरू, ढोलीच्या जागांबद्दल पूर्ण सहमत. कुणी लिहिल्याच तर मी काढून टाकेन.

मृगबहार

पावसाळ्यात रात्री चमकणारी बुरशी मोले आणि म्हादईच्या रानात आढळते, मायसेना गटातली. अनेक जण जाऊन 'काहीच दिसलं नाही' म्हणत परततात, कारण टॉर्च चालू ठेवलेला असतो. सगळे दिवे बंद करून, फोनचा पडदासुद्धा, पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं. मग कुजलेल्या ओल्या लाकडावर फिकट हिरवट उजेड दिसायला लागतो. चांदणं नको. फोटोला तिपाई, आयएसओ १६०० ते ३२००, ३० सेकंद. लाकूड उचलून घरी आणू नका, सुकलं की उजेड गेला. रात्री अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, वनखात्याशी बोलून किंवा त्यांच्या मान्य वाटाड्याबरोबरच जा.

औषधी

जळवा: पायमोजात पँट खोचा, वरून मिठाच्या पाण्याचा हात. चिकटलीच तर मीठ-तंबाखू टाकू नका, ती पोटातलं जखमेत ओकते. नख त्वचेलगत सरकवून आधी बारीक टोक सोडवा, मग जाड. रक्त बराच वेळ वाहतं कारण ती रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते. धुऊन दाबून धरा, बस्स.

गोचीड जळवांपेक्षा गंभीर. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, तो गोचिडांतून पसरतो. डिसेंबर ते मे हा जोखमीचा काळ, म्हणजे नेमका तुमचा सहलीचा. मोलेचं रान सत्तरीला लागूनच. पाचोळ्यावर बसू-लोळू नका, पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घाला, उघड्या अंगाला डीईईटी किंवा डीएमपी असलेलं, गोचिडांना दूर ठेवणारं औषध लावा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, रॉकेल नको. पुढच्या आठवडाभरात जोराचा ताप आणि डोकेदुखी आली तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आपणहून सांगा.

सर्पदंश: आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यावरची. या रानातला मलबारी चापडा तिच्यात नाही, तरी इस्पितळ गाठायचंच, कारण सूज, वेदना आणि रक्त गोठण्यावर लक्ष ठेवावं लागतं. बांधू नका, कापू नका, पाय हलू न देता उचलून न्या. रेंज आली की १०८. फोंड्याचं उपजिल्हा रुग्णालय वाटेत, तिथून गरज पडली तर गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज).

सांगेकार

म्हातारी माणसं, लहान पोरं बरोबर असतील तर दूधसागरचा हट्ट सोडा. मोलेहून तेरा-चौदा किलोमीटरवर तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ, कदंबकालीन, काळ्या दगडाचं, अंगावर कोरीव काम. गाडी जवळपर्यंत जाते, शेजारी व्हाळ आहे. नेत्रावळी अभयारण्यात सावरी धबधब्याची वाट तिथल्याच मैनापी धबधब्यापेक्षा सोपी. मात्र अभयारण्यांतल्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे हुकूम निघतात, मागेही निघालेत, तेव्हा आधी विचारा.

कुळागरकर

एक राहिलं. संध्याकाळी अनमोड घाटातून उतरणाऱ्यांनी वेग कमी ठेवा, गवे रस्त्यावर असतात. एक गवा ओलांडून गेला की लगेच गाडी हाणू नका, मागे कळप असतो. एकटा दांडगा नर उभा असेल तर हॉर्न नको, हेडलाइट खाली करून इंजिन चालू ठेवा आणि थांबा. तो आपणहून बाजूला होतो.

मृगबहार

गाडी थांबवलीत तरी खाली उतरू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही.